काकू, वजीर सांभाळा!

"काकू, तुमच्या राजाचं पार शिंगणापूर झालंय!"

रात्रीचे पावणेनऊ वाजले होते. कुकर उतरवून, कणीक झाकून मी ओट्याला टेकून मोबाइलवर बुद्धिबळाचा डाव खेळत होते आणि पुण्याच्या एका पोराचा हा मेसेज ग्रुपवर येऊन पडला. शनिशिंगणापूर आमच्याच नगर जिल्ह्यातलं. घरांना दारं नसलेलं गाव म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. माझ्या राजापुढची तिन्ही प्यादी केव्हाच गेली होती आणि त्याचा हत्ती खुशाल आत शिरत होता. मला इतकं हसू आलं की सासूबाईंनी आतून विचारलं, "कुणाशी हसतीयेस गं एकटीच?"

आता त्यांना काय सांगणार? हरतेय म्हणून हसतेय, असं?

आमचा हा ग्रुप वीस-बावीस जणांचा. २०२०च्या टाळेबंदीत माझ्या मुलाने मला त्यात घातलं. ("आई, सारखी भांडी घासत बसू नकोस, डोकं चालव जरा," असं म्हणून!) सांगलीचे एक निवृत्त शिक्षक, नागपूरच्या एक बाई, फोंड्याचे बँकेतले गृहस्थ, नाशिकचे औषधांच्या दुकानवाले, न्यू जर्सीला राहणारी एक मराठी सून, पुण्यातली इंजिनिअरिंगची दोन-तीन पोरं, आणि देवळाली प्रवराची मी. खेळतो लिचेसवर. एका फ्रेंच माणसाने २०१० मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ; फी नाही, जाहिरात नाही, लोकांच्या देणग्यांवर चालतं. माझ्यासारखीला "फुकट आहे" एवढंच पुरेसं होतं. दर रविवारी संध्याकाळी आमची छोटी स्पर्धा असते. बाकी आठवडाभर असतात त्या नुसत्या गप्पा आणि एकमेकांची टर.

मला हे नवीन वाटलंच नाही, कारण मी हे लहानपणी पाहिलंय. माझ्या माहेरी देवळाच्या ओट्यावर दुपारचा पट मांडलेला असायचा. खेळणारे दोन आणि बोलणारे बारा. "आला रे आला हत्ती!" "वजीर निघाला काशीला!" "अरं, घोड्याला चारा घाल जरा!" स्पर्धेत म्हणे टाचणी पडली तरी ऐकू येते. आमच्या ओट्यावर डोक्यावरून बैलगाडी गेली असती तरी ऐकू आलं नसतं. मी वडिलांसाठी चहा घेऊन जायची आणि खांबाला टेकून उभी राहायची. उभीच. मुलींनी ओट्यावर बसायचं नसतं, हे कुणी सांगावं लागत नसे. वडिलांनी मला खेळ शिकवला तो घरी, पाठ्यपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पट आखून. तेव्हा ते गिरगावच्या खाडिलकर भगिनींबद्दल सांगायचे. त्यांतली रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तेव्हा केवढा गहजब झाला होता! शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीच सांगितलं की बाईला अशी बंदी घालता येणार नाही. पुढे १९८१ मध्ये ती आशियाई विजेती झाली. वडील हे अभिमानाने सांगायचे, पण मला ओट्यावर बस असं काही कधी म्हणाले नाहीत.

म्हणून या ग्रुपमध्ये पहिल्यांदा कुणीतरी मला "काकू, वजीर सांभाळा, नाहीतर सांजेच्या आत विधवा... छे, राजा विधुर होईल!" असं लिहिलं, तेव्हा राग येण्याऐवजी मला कुणीतरी ओट्यावर जागा करून दिल्यासारखं वाटलं. चाळिशी ओलांडलेल्या बाईची कुणी चेष्टा करत नाही हो! मान देतात, ताई म्हणतात, हळदीकुंकवाला अध्यक्ष करतात. पण बरोबरीच्या नात्याने टर उडवत नाहीत.

टर उडवायला आमच्याकडे विषय तरी किती! पहिला म्हणजे माझं गाव. "देवळाली म्हणजे नाशिकची ना? कँपातली?" हा प्रश्न मी किमान पन्नास वेळा ऐकला असेल. नाही हो, आमची राहुरी तालुक्यातली, प्रवरेची, उसातली! तरी नाशिकचे औषधवाले मुद्दाम "आमच्या शेजारच्या काकू" म्हणतात. दुसरा विषय जिल्ह्याचा. प्रत्येकाच्या जिल्ह्यात कुणी ना कुणी मोठा खेळाडू आहेच, आणि त्याच्या जिवावर हे सगळे फुशारक्या मारणार. सांगलीचे सर म्हणणार, भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ चालवलं म्हणून तुम्हाला पट कळला. आमची भाग्यश्री साठे पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली तेव्हा तुम्ही गोट्या खेळत होतात. नाशिककर विदित गुजराथीला पुढे करणार. २०२३ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून तो २०२४ मध्ये टोरांटोला कँडिडेट्स खेळायला गेला आणि तिथे त्याने नाकामुराला दोनदा हरवलं, हे ते औषधाच्या बिलावरही छापतील. फोंडेकरांची भक्ती कुलकर्णी. माझ्याकडे शार्दूल गागरे, आमच्या नगरचा ग्रँडमास्टर. "काकू, त्याचं ठीक आहे, तुमचं बोला!" हे उत्तर ठरलेलं.

नागपूरच्या बाईंचं मात्र वेगळंच. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियात बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत त्यांची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी समोरासमोर आल्या, तेव्हा एरवी सतत बोलणाऱ्या या बाई तीन दिवस गप्प! दोन डाव बरोबरीत सुटले तरी गप्प. दृष्ट लागेल म्हणून म्हणे. २८ तारखेला जलद डावांत दिव्या जिंकली, त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली, आईच्या गळ्यात पडून रडली आणि इकडे ग्रुपवर एका तासात चाळीस मेसेज! "सर्वांना तर्री पोहे, स्वखर्चाने नागपूरला यावे."

ही बोलकी बुद्धिबळाची तऱ्हा देशभर पसरली ती टाळेबंदीतच. समय रैना नावाच्या विनोदी कलाकाराने तेव्हा यूट्यूबवर बुद्धिबळ खेळायला सुरुवात केली. विदितसारखा ग्रँडमास्टर त्याच्याबरोबर बसून हसतोय, चेष्टा ऐकून घेतोय, हे मी मुलाच्या मोबाइलवर पाहिलं तेव्हा आधी मला रागच आला होता. एवढा मोठा खेळाडू आणि ही काय थट्टा! पण मग दिसलं की हजारो पोरं त्या थट्टेपायी घोडा-उंट ओळखायला शिकतायत. (त्याच्या दुसऱ्या एका कार्यक्रमावरून २०२५ मध्ये जो गदारोळ झाला, तो विषय निराळा. थट्टेलाही कुंपण लागतं, एवढं मी तेव्हा घरात बोलले.)

आमच्याकडे आणखी एक अडचण असते, विजेची. भारनियमन म्हणा, तारेवर फांदी पडली म्हणा. लाइट गेली की वायफाय गेलं, आणि मोबाइलचं नेट वस्तीवर कधी असतं, कधी नसतं. समोरचा असा गायब झाला की थोड्या वेळाने लिचेस विचारतं, विजय घेता की बरोबरी करता? आमच्या ग्रुपचा नियम ठरला, लाइट गेली तर बरोबरी. हा नियम आला कुठून, तर ऑनलाइन ऑलिंपियाडमधून. ३० ऑगस्ट २०२० ला भारत-रशिया अंतिम सामना होता. आपला कप्तान विदित. दुसऱ्या फेरीत निहाल सरिन आणि आपली दिव्या या दोघांचंही नेट ऐन डावात गेलं, घड्याळ संपलं आणि दोघे हरले. भारताने दाद मागितली, तेव्हा दोन्ही देशांना सुवर्णपदक विभागून दिलं गेलं. सांगलीच्या सरांनी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहिलं, "जिथे खुद्द रशिया वाटून घेते, तिथे आपण कोण?"

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

आमच्या बचत गटातल्या एकीची मुलगी नववीत आहे. वस्तीवर राहतात, आई-बाप दोघंही दुसऱ्याच्या शेतात. सुट्टीत मी चार-पाच मुलींना खेळ शिकवला, त्यातली ही एकच टिकली. टिकली कसली, तिसऱ्या महिन्यात मला हरवायला लागली! मी तिला ग्रुपमध्ये घेतलं, आईच्या मोबाइलवरून. पोरगी सगळ्यांशी तितक्याच फटकळपणे बोलायची. पुण्याच्या पोराचं आणि तिचं तर रोजचं भांडण.

एक दिवस ती दिसेनाशी झाली. दोन रविवार आली नाही. मी वस्तीवर गेले तर आईने निमूट मोबाइल माझ्या पुढे धरला. "ताई, ह्ये वाचा."

वाचलं. "आज तुला सोडत नाही." खाली, "उचलणार म्हणजे उचलणार!" आणि त्याखाली, "रात्री ये, मग बघू."

मला माहीत होतं की उचलायचा होता तो वजीर, आणि रात्री यायचं होतं ते लिचेसवर. पण त्या माउलीच्या डोळ्यांनी वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मोबाइलवर एक मेसेज सापडला म्हणून शाळा सुटलेल्या, दहावीच्या आत स्थळं बघायला सुरुवात झालेल्या मुली मी या कामात पाहिल्यात. हिच्याही भावकीत कुणकुण पोचली होती.

मी समजावत बसले. पट मांडून दाखवला, वजीर दाखवला. मग माझा मोबाइल काढून मलाही कसे मेसेज येतात ते दाखवलं. शिंगणापूरचा मेसेज तिने अक्षर अक्षर लावून वाचला. हसली. मग म्हणाली, "तुमचं येगळं हाये ताई. तुमाला बोलले तर चेष्टा. माज्या पोरीला बोलले तर गावात चर्चा."

मला उत्तर सुचलं नाही. ओट्यावर जागा मिळाली म्हणून मी इतकी हरखले होते की ती जागा सगळ्यांना सारख्या भावात मिळत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ग्रुपवर मी झालेलं सगळं लिहिलं, मुलीचं नाव न घेता. तरी कळलंच. एक जण म्हणाले, "एवढं काय त्यात, खेळातली चेष्टा आहे." त्यांना मी जे सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही! पुण्याच्या पोराने दिवसभर काही लिहिलं नाही. रात्री त्याचा फोन आला. "काकू, मला खरंच कळलं नाही हो. मी तिच्या आईशी बोलू का?" मी म्हटलं, तू बोलू नकोस, अजून घोटाळा होईल. तुझ्या आईला बोलू दे. आणि त्याची आई बोलली, दोघी अर्धा तास बोलल्या. काय बोलल्या ते मला आजवर कळलेलं नाही.

सरांनी मग काही गोष्टी ठरवल्या. शाळेतल्या मुलांनी रविवारी दिवसाउजेडी खेळायचं. टर सोंगट्यांची उडवायची, माणसाची नाही, आणि सोंगटीचं नाव घेऊन. मुलांबरोबर घरचं एक मोठं माणूस ग्रुपमध्ये हवं. पहिले काही दिवस सगळे असे जपून लिहीत होते की वाचताना कार्यालयीन परिपत्रक वाचल्यासारखं वाटायचं. "आपला माननीय उंट माझ्या प्याद्यास त्रास देत आहे." मग त्याचीच चेष्टा सुरू झाली आणि गाडी रुळावर आली.

महिनाभराने पोरगी परतली. अजूनही मोबाइल मिळतो तो रविवारी दोन तास, आई शेजारी बसणार असेल तरच. भावकीतलं बोलणं पुरतं थांबलंय असंही नाही. आई ग्रुपमध्ये आहे, पण बोलत नाही. एकदाच तिने आवाजी संदेश पाठवला. "सर, घोडं उडून जातंय, मग मधल्या प्याद्याला लागत न्हाई का?" सरांनी दहा मिनिटांचं उत्तर पाठवलं. नागपूरच्या बाईंनी लिहिलं, "इतकं तर आम्हाला पंधरा वर्षांत कोणी समजावलं नाही."

गेल्या रविवारी माझा डाव तिच्याशीच होता. मी बऱ्यापैकी वरचढ होते, एक हत्ती जास्त. चार चाली राहिल्या असतील, आणि लाइट गेली. मोबाइलचं नेट लावेपर्यंत पाच-सहा मिनिटं गेली. उघडून बघते तर मी हरलेली! पोरीने बरोबरी न करता विजय घेतला होता.

मी ग्रुपवर लिहिलं, "अगं, नियम विसरलीस का? लाइट गेली तर बरोबरी!"

उत्तर लगेच आलं.

"काकू, वाटून घ्यायला तुम्ही काय रशिया आहात?"

खाली तिच्या आईने हसण्याचं चित्र टाकलं होतं. आणि पुण्याच्या पोराने लिहिलं होतं, "काकू, इन्व्हर्टर घ्या."