शहर जिवंत आहे का, हे कसं ओळखायचं?



नोकरीतली बदली, मुलांचं शिक्षण, निवृत्तीनंतरचं घर, कारण काहीही असो. नव्या शहरात राहायला जायचं म्हटलं की आपण आधी एक चक्कर मारून येतो. दोन दिवस हॉटेलात राहतो, चार घरं बघतो, तिथलं प्रसिद्ध काय ते खातो आणि परत आल्यावर सांगतो, "शहर छान आहे हो!" या 'छान'वर विसंबून मी एकदा चांगलाच फसलो आहे, म्हणून आजचा हा विषय.

आठ वर्षांपूर्वी परराज्यात नोकरी मिळाली. शहर बघायला गेलो ते नेमकं नवरात्रात. रस्ते माणसांनी फुललेले, दिव्यांची रोषणाई. मी खूश! शहराबाहेरच्या नव्या संकुलात बाराव्या मजल्यावर घर घेतलं आणि आईला घेऊन राहायला गेलो. सण संपले आणि खरं शहर दिसायला लागलं. फाटकाबाहेर चौपदरी रस्ता, फूटपाथ नाही, चालत जाण्याजोगं एक दुकान नाही. भाजीसुद्धा मोबाइलवरून मागवायची. वर्षभरात आईचं बोलणं कमी होत गेलं. एकदा म्हणाली, "अरे, इथं मला कुणी 'कुठं निघालात?' एवढंसुद्धा विचारत नाही." दीड वर्षात आम्ही परतलो.

मागच्या वर्षी इंदूरला जाण्याची संधी आली. आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची. पुन्हा चूक परवडणार नव्हती, म्हणून या वेळी चार दिवस काढले आणि शहर नीट पारखलं. कसं, ते सांगतो.

पहिली गोष्ट : गर्दी म्हणजे जिवंतपणा नव्हे

इंदूरचा सराफा तुम्ही ऐकून असाल. दिवसा सोन्याचांदीची दुकानं. रात्री ती बंद झाली की त्याच गल्लीत खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, थंडीत गराडू. मध्यरात्रीही पाय ठेवायला जागा नसते. रंगपंचमीला राजवाड्यापाशी निघणारी गेर तर बघण्यासारखीच. पण त्यावरून राहायला जायचं ठरवणं म्हणजे लग्नातल्या पंगतीवरून सासर पारखणं. तुम्ही सराफ्यात महिन्यातून एकदा जाल. उरलेले एकोणतीस दिवस तुमच्या घराच्या गल्लीत काढायचे आहेत. म्हणून सणवार आणि शनिवार-रविवार टाळून, साध्या मंगळवारी-बुधवारी जा, आणि जिथं घर घ्यायचं त्याच भागात फिरा.

दुसरी गोष्ट : माणसं बाहेर का आहेत, ते बघा

डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी १९७१ सालच्या आपल्या पुस्तकात एक साधी विभागणी केली. माणूस घराबाहेर पडतो तो तीन प्रकारे. एक, पडावंच लागतं म्हणून : कामाला, शाळेला. दुसरा, मनात आलं म्हणून : फेरफटका, जरा टेकणं. तिसरा, इतरांमुळे : गप्पा, खेळ, ओळखीपाळखी. पहिला प्रकार कुठल्याही शहरात दिसणारच. बस थांब्यावर गर्दी आहे म्हणून शहर जिवंत ठरत नाही. दुसरा आणि तिसरा प्रकार मात्र जागा बरी असेल तरच दिसतो. मी एकाच कोपऱ्यावर सकाळी सात, संध्याकाळी साडेसहा आणि रात्री साडेनऊला पंधरा-पंधरा मिनिटं बसलो आणि घाई नसलेली माणसं मोजली. उन्हाळ्यात दुपार धरू नका. मे महिन्यात दुपारी ओस पडलेला रस्ता ही शहराची नाही, उन्हाची करणी असते.

तिसरी गोष्ट : कोण बाहेर आहे?

विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कमधले चौक तासन् तास कॅमेऱ्यातून न्याहाळले. त्यांचा एक निष्कर्ष अगदी भाबडा वाटेल : जिथं बसायला जागा असते, तिथं माणसं बसतात. दुसरा महत्त्वाचा : चांगल्या चौकात बायकांचं प्रमाण जास्त असतं. आपल्याकडे शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवर लिहिलेलं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ साली आलं. पुरुष चहाच्या टपरीवर उगाच तासभर उभा राहतो. बाईला मात्र बाहेर असण्यासाठी काहीतरी काम दाखवावं लागतं, हे त्यांनी मांडलं. तेव्हा कोपऱ्यावर वीस जण दिसले आणि वीसही पुरुष असतील, तर ते शहर निम्म्यांसाठीच जिवंत आहे. बायका, म्हातारी माणसं आणि एकटी खेळणारी मुलं, ही तिन्ही दिसली पाहिजेत.

चौथी गोष्ट : वर्दळ टिकेल का?

जेन जेकब्स यांनी १९६१ साली चार अटी सांगितल्या. एकाच भागात घरं, दुकानं, कामाच्या जागा मिसळलेल्या हव्यात. गल्ल्या आखूड हव्यात, म्हणजे वळणं-कोपरे जास्त. जुन्या इमारती हव्यात, म्हणजे कमी भाड्यात छोटा धंदा करता येतो. आणि वस्ती पुरेशी दाट हवी. खाली दुकान, वर घर असलेला आपला कुठलाही जुना बाजार आठवा, चारही अटी सापडतील. दुकानदाराचं रस्त्यावर लक्ष असतं, आणि तेच फुकटचं संरक्षण.

शेवटची गोष्ट : राहणाऱ्याला सोबत न्या

चौथ्या दिवशी मी आईला बोलावून घेतलं. दोन घरं निवडली होती. एक नव्या भागात : तीन खोल्या, लिफ्ट, गाडीला जागा. दुसरं जुन्या वसाहतीत : तळमजला, एक खोली कमी, गाडी रस्त्यावर. दोन्हीकडे तिला एकच काम दिलं : वाहन न घेता दूध, कोथिंबीर आणि डोकेदुखीची गोळी आणायची. नव्या भागात ती पाऊण तासानं दमून परतली, तीही गोळीशिवाय. जुन्या भागात वीस मिनिटांत सगळं घेऊन आली, आणि भाजीवालीच्या सुनेचं माहेर महाराष्ट्रातलं आहे ही बातमीही घेऊन आली!

घर जुन्या वसाहतीतलं घेतलं. त्याची किंमत मोजतोच आहे : रात्री अकरापर्यंत हॉर्न, आणि गाडी लावायला रोजची शोधाशोध. जिवंत गल्ली शांत नसते, हे कबूल करूनच घर घ्या. मुलांचा अभ्यास किंवा आजारपण घरात असेल, तर रात्री त्या खोलीत उभं राहून आधी ऐका.

आता आई संध्याकाळी निघाली की कोपऱ्यावर कुणीतरी विचारतं, "माँजी, किधर चली?" घर बघायला जाल तेव्हा भिंती आणि नळ तपासा, पण हा प्रश्न विचारणारं कुणी आहे का, तेही बघून या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!