गर्भपाताचा कायदा : आयर्लंडमधला आणि आपला

हा विषय चारचौघांत, तोही आईबहिणी समोर बसल्या असता काढावा काय, असे आम्हांस दोघातिघांनी विचारले. आमचे उत्तर एवढेच की, ज्या विषयावर घरोघर कुजबूज चालते त्यावर एकदा मोकळ्या आवाजात बोलणे बरे. शिवाय ज्या हकीकतीपासून आम्ही आरंभ करणार आहोत ती दूर युरोपात घडलेली असली, तरी तिचे एक टोक बेळगावात आहे.

सविता हालप्पनवार हिचे माहेर बेळगावचे. शिक्षणाने दंतवैद्य, लग्नानंतर आयर्लंडमधील गॉलवे शहरी स्थायिक झालेली. वय एकतीस, पोटात सतरा आठवड्यांचा गर्भ. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी पाठीत कळा येऊ लागल्या म्हणून ती तेथील विद्यापीठ रुग्णालयात गेली. गर्भ टिकणार नाही हे लवकरच स्पष्ट झाले. मग जे टळणारच नाही ते लवकर होऊ द्या, अशी विनंती तिने केली. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर आमचे हात बांधलेले आहेत, असे तिला सांगण्यात आले. हा कॅथॉलिक देश आहे, असे उद्गार एका परिचारिकेने काढले. कॉरोनरच्या चौकशीत तिने ते मान्य केले, मात्र मन दुखवण्याचा हेतू नव्हता असेही सांगितले; आणि आम्हांस ते खरे वाटते. रक्तात जंतुविष भिनून २८ ऑक्टोबरला सविता गेली.

रुग्णालयाच्या देखरेखीतही गंभीर चुका झाल्या होत्या, तेव्हा सारे खापर कायद्यावर फोडणे न्याय्य होणार नाही. पण चौकशीत एका प्रसूतितज्ज्ञाने जो पेच उलगडून दाखवला तो ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिल्या दोन दिवसांत गर्भ काढला असता तर ती बहुधा वाचली असती. पण त्या दोन दिवसांत तिच्या जिवाला धोका दिसत नव्हता, म्हणून कायदा आडवा येत होता. धोका दिसू लागला आणि कायद्याची वाट मोकळी झाली, तेव्हा वेळ निघून गेली होती.

असा कायदा तेथे आला कोठून? केवळ धर्मपीठातून आला, असे मानण्याकडे आपला कल असतो. कॅथॉलिक म्हणजे आपल्याला कोणी परके नव्हेत. ठाण्याच्या तलावपाळीजवळचे सेंट जॉन बाप्टिस्टचे देऊळ आपण जातायेता पाहतो, आणि वसईचे मराठी बोलणारे ख्रिस्ती बांधव तर आपले शेजारीच. गर्भधारणेपासून जीव मानावा आणि तो जाणूनबुजून घेऊ नये, ही त्या पंथाची शिकवण स्पष्ट आहे. परंतु आयर्लंडमध्ये गर्भपात गुन्हा ठरला तो १८६१ च्या ब्रिटिश कायद्याने. आपल्याकडे इंग्रजांनीच एक वर्ष आधी, १८६० च्या दंडसंहितेत, तोच गुन्हा घातला. फरक असा की, आपल्या ३१२ व्या कलमात आईचा जीव वाचवण्यापुरती सूट शब्दांनी लिहिलेली होती. १८६१ च्या कायद्यात ती नव्हती. म्हणजे एकाच राज्यकर्त्याने दोन वसाहतींना जवळजवळ एकच बेडी घातली, आणि ती काढण्याचे दोघांचे मार्ग मात्र अगदी वेगळे झाले.

आयर्लंडने प्रथम ती अधिकच आवळली. १९८३ साली लोकमत घेऊन राज्यघटनेतच कलम घातले की, न जन्मलेल्या जिवाचा जगण्याचा हक्क आईच्या हक्काच्या बरोबरीचा आहे. शंभरांतील सदुसष्ट मते त्या बाजूने पडली. नऊच वर्षांनी, १९९२ साली, बलात्कारातून गरोदर राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला गर्भपातासाठी इंग्लंडला जाण्यास सरकारनेच न्यायालयातून मनाई मिळवली. सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली आणि मातेच्या जिवाला खरा धोका असेल तर, आत्महत्येचा धोका धरूनही, गर्भपात चालेल असा निर्णय दिला. तो निर्णय कायद्यात उतरायला २०१३ साल उजाडले, म्हणजे सविता गेल्यावर! मधल्या काळात ज्यांना शक्य होते त्या बायका बोटीने आणि विमानाने इंग्लंडला जात राहिल्या. १९८० ते २०१६ या वर्षांत तेथील दवाखान्यांत आयर्लंडचा पत्ता लिहिणाऱ्या बायकांची संख्या १,७०,००० च्या घरात जाते. देशाने आपली अडचण समुद्रापलीकडे ठेवली होती, इतकेच.

मते बदलली ती एका रात्रीत नव्हे. धर्मसंस्थांच्या आश्रमांत अविवाहित मातांचे व मुलांचे जे हाल झाले ते एकामागून एक उघडकीस आले आणि पाद्र्यांच्या शब्दाचे वजन घटले. सविताच्या मृत्यूने लोक रस्त्यावर आले. त्यानंतर जे झाले ते आमच्या मते सर्वांत शिकण्यासारखे आहे. सरकारने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ९९ सामान्य नागरिक निवडले, त्यांच्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या एक न्यायाधीश नेमल्या, आणि या मंडळींनी २०१६-१७ मध्ये पाच वेळा शनिवार-रविवारी बसून डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे प्रचारक आणि स्वतः या प्रसंगातून गेलेल्या स्त्रिया यांचे ऐकून घेतले. व्याख्यानमालाच म्हणा ना. फरक इतकाच की शेवटी श्रोत्यांनी मत द्यायचे होते. २५ मे २०१८ रोजी देशाने कौल दिला. शंभरांत सहासष्ट मते जुने कलम काढण्याच्या बाजूची. एका डोनेगल परगण्याखेरीज सगळीकडे तोच निकाल. बेळगावाहून सविताच्या वडिलांनी मतदारांना आवाहन केले होते. १ जानेवारी २०१९ पासून तेथे पहिले बारा आठवडे स्त्रीला कारण विचारले जात नाही. तीन दिवस थांबावे मात्र लागते.

आता आपल्याकडे वळू. आपण ही बेडी कितीतरी आधी सैल केली आणि जवळजवळ आवाज न करता केली. १९६४ साली केंद्र सरकारने महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका दगावतात, ही तिची मुख्य चिंता होती. भोवताली लोकसंख्येची धास्तीही होती. १९७१ साली कायदा संमत झाला व १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. आपल्या शास्त्रांत भ्रूणहत्या हे महापातक. तरीही आयर्लंडसारखे रण माजले नाही. याचा आम्हांला अभिमान वाटे. आता तितका वाटत नाही. वाद झाला नाही तसे समजावून देणेही झाले नाही. कायदा राजपत्रात राहिला आणि मने होती तेथेच राहिली.

शिवाय त्या कायद्याने हक्क दिला तो डॉक्टरला. ठरावीक कारणे आहेत असे त्याचे मत झाले तर तो गुन्हेगार नाही, अशी ती रचना. मूळ गुन्हा आजही आहे. नव्या न्यायसंहितेत तो ८८ व्या कलमात बसला आहे. २००८ साली आपल्याच जिल्ह्यातील भाईंदरचे एक दांपत्य, गर्भाच्या हृदयात दोष आढळल्यामुळे, वीस आठवड्यांची मर्यादा ओलांडल्यावर मुंबई उच्च न्यायालयात गेले. परवानगी मिळाली नाही. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवडे केली, गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मताने ती उठवली, आणि 'पती' या शब्दाच्या जागी 'जोडीदार' आणला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांची मुदत अविवाहितेलाही आहे असे सांगितले.

एक गोंधळ मात्र फार पसरला आहे. गर्भलिंग तपासणे गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. महाराष्ट्राने त्यावर १९८८ साली, देशात सर्वांआधी, कायदा केला. पण दवाखान्यातील त्या पाट्या वाचून पुष्कळांची समजूत झाली आहे की गर्भपातच बेकायदा आहे. मग बायका बिनपरवाना ठिकाणी जातात आणि तेथे जीव धोक्यात घालतात.

आमचे बोलणे संपल्यावर एक बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पण दादा, नवऱ्याची सही लागतेच ना?" त्यांना एका दवाखान्यातून त्यासाठी परत पाठवले होते. सही लागत नाही. स्त्री अठरा वर्षांची आणि मनाने सक्षम असेल तर कायद्याला तिचीच संमती पुरे. नियमांबरोबर जोडलेल्या संमतीच्या अर्जात पतीच्या सहीसाठी जागाच ठेवलेली नाही.