अर्जात नसलेला रकाना

वैद्यकीय प्रवेशासाठी उमेदवाराकडून जन्माचा, अधिवासाचा, जातीचा, उत्पन्नाचा असे यच्चयावत दाखले मागितले जातात, आणि 'नीट'च्या 180 प्रश्नांतून व 720 गुणांतून त्याच्या भौतिकी, रसायन व जीवशास्त्राच्या ज्ञानाची काटेकोर मोजदादही होते. परंतु 'तुला डॉक्टर का व्हावयाचे आहे?' हा प्रश्न कोणत्याच रकान्यात नसतो, आणि घरी तर तो विचारण्याचा प्रसंगच येत नाही, कारण दहावीचा निकाल हाती पडताच वडीलधाऱ्यांनी परस्पर फैसला करून टाकलेला असतो.

आनंदीबाई जोशींना हा प्रश्न चुकला नव्हता. आपले तान्हे मूल अवघ्या दहा दिवसांत गमावलेल्या या मुलीने, वयाची अठरा वर्षेही पूर्ण झाली नसताना, 1883 च्या फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूर येथे भर सभेत उभे राहून, आपण अमेरिकेस का जाणार आणि हिंदुस्थानात स्त्री-वैद्यांची निकड काय आहे, याचा सविस्तर खुलासा केला; फिलाडेल्फियाची पदवी तिला 1886 च्या मार्चमध्ये मिळाली, आणि पुरते वर्ष उलटण्याआधीच ती गेली.

आजच्या उमेदवाराला सभा घ्यावयाची नाही, पण हिशेब मात्र करावयाचा आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक, आणि विशेषज्ञ व्हावयाचे तर पुन्हा परीक्षा देऊन आणखी तीन, एवढ्या मुदतीत बरोबरीचे मित्र संसाराला लागलेले असतात. शिवाय 'ड्रॉप' घेण्यात गेलेली वर्षे कोणी धरीतच नाही!

रक्ताची भीती वाटते म्हणून कोणी मागे सरू नये. शवविच्छेदनाच्या दालनात ती बहुधा ओसरते. माणसांचा कंटाळा मात्र तेथे जात नाही, उलट वाढतो, असे माझे मत आहे. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी उमेदवाराने जवळच्या सरकारी दवाखान्यात एक सकाळ काढावी. केसपेपरच्या खिडकीपाशी बाकावर बसून, तेच दुखणे तिसऱ्यांदा सांगणारी म्हातारी, गोळ्या मध्येच सोडून आलेला मजूर आणि त्या दोघांकडे दोन-दोन मिनिटांत पाहणारा, जेवणाची वेळ टळलेला डॉक्टर यांच्याकडे निवांत पाहावे, आणि त्यांपैकी तिसऱ्याच्या खुर्चीवर तीस वर्षे बसणे आपल्याला रुचेल काय, हे स्वतःस विचारावे. घरी येऊन मुलगा 'नको' म्हणालाच, तर आई-बापांनी त्याच्यावर रागावू नये. अर्जाची मुदत अद्याप संपलेली नाही.