गाडीतळावर कॅमेरा लावण्याआधी

पुण्यात हडपसरच्या गाडीतळावर शॉर्टफिल्म करायची, तर आधी बघा, जागा कुणाची? रस्ते-बागा महापालिकेच्या, बसस्थानक पीएमपीचं, हडपसर स्टेशन मध्य रेल्वेचं. मगरपट्टा सिटी खासगी, तिथे व्यवस्थापनाला विचारायचं. अनेक सरकारी जागांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. फिल्म कॉलेजसाठी असेल तर अर्जासोबत कॉलेजचं पत्र जोडा. तारीख, वेळ, माणसं किती, नुसता ट्रायपॉड की लाइट-जनरेटरही, स्पष्ट लिहा. प्रसंगात मारामारी किंवा नकली पिस्तूल असेल तर पोलीस ठाण्यात आधीच सांगा. भाजी घेणाऱ्या बाईला ते खरंच वाटणार. ड्रोनचा मोह टाळलेला बरा, लोहगावचा हवाई दलाचा तळ जवळ आहे. मंजुरीची छापील प्रत जवळ ठेवा, आणि ज्यांचे चेहरे जवळून टिपणार त्यांना मात्र वेगळं विचारा.