गॅस भरण्याआधी मीटर लावा

मोटारीचा एसी गार करीत नाही म्हटले की आमचे बरेच कारागीर बंधू आधी गॅस भरतात, तेवढ्याने भागले नाही तर कॉम्प्रेसर उतरवतात. गेल्या महिन्यात एका गॅरेजात आम्ही बसलो असताना अशीच एक गाडी आली. दुसऱ्या ठिकाणी दोनदा गॅस भरून झाला होता आणि मालकाला नव्या कॉम्प्रेसरचा खर्च सांगितला गेला होता. कॉम्प्रेसर थोडा वेळ चाले आणि हवा पुरती गार होण्याआधीच बंद पडे.

उस्तादांनी दोन्ही बाजूंचे प्रेशर पाहिले. ते ठीक निघाले, तेव्हा त्यांनी कूलिंग कॉइलच्या सेन्सरकडे मोर्चा वळवला. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. थंडी वाढली की त्याचा रोध वाढतो, उष्णतेने घटतो. कॉइलवर बर्फ धरू लागण्याआधी कॉम्प्रेसर तोडायचा, एवढ्यासाठीच तो असतो. कंट्रोलर आतल्या एका रेझिस्टरमधून त्याला बहुधा ५ व्होल्ट देतो. वायर तुटली तर पुरे ५ व्होल्ट दिसतात आणि कंट्रोलर समजतो, कॉइल गोठली! वायर शॉर्ट झाली तर उलट. मग कॉम्प्रेसर थांबत नाही, कॉइलवर बर्फ चढतो आणि हवेचा झोत मंदावतो.

सेन्सर काढून बर्फाच्या पाण्यात, नंतर कोमट पाण्यात धरला. रोध मॅन्युअलमधल्या आकड्यांप्रमाणे निघाला. म्हणजे सेन्सर निर्दोष. सॉकेटच्या दोन पिनांवर ५ व्होल्टही मिळाले. येथे पुष्कळजण फसतात. डिजिटल मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे अर्थची वायर सडलेली असली तरी तो ५ व्होल्ट दाखवतो. (टेस्ट लॅम्प मात्र येथे चुकूनही लावू नये. त्याने कंट्रोलर बिघडू शकतो.) उस्तादांनी मीटरची काळी वायर बॉडीला धरली आणि दोन पिना तारेने जोडल्या. सिग्नल शून्यावर यायला हवा होता, तो बराच वर राहिला. तीच सिग्नल वायर थेट बॉडीला लावताच शून्य! दोष अर्थच्या वाटेत आहे, हे ठरले. ही युक्ती दोन वायरींच्या सेन्सरवरच करावी. तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरची सप्लाय वायर अशी अर्थ करणे महागात पडेल.

गालिचा उचलला. स्टिरिओ बसवणाऱ्याने कधी तरी वायर कापून नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली होती, पाणी झिरपून तांबे हिरवे पडले होते. रोध वाढला, कंट्रोलरला कॉइल आहे त्याहून थंड भासली. स्कॅनर लावला असता तर त्याने फार तर सर्किटचा कोड दिला असता, गालिच्याखालची जागा नव्हे.

जोड कापून, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. उस्तादांनी मजुरीच तेवढी घेतली. जुम्याच्या नमाजला निघण्याआधी गाडी मालकाच्या ताब्यात होती.