दीर्घकालीन आजारात समूह मानसोपचाराचा आधार

मधुमेह, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार किंवा कर्करोग यांसारखा आजार जडला की औषधे, पथ्य आणि तपासण्या यांचे वेळापत्रक ठरून जाते. मात्र त्यासोबत येणारी भीती, चिडचिड, कुटुंबावर भार झाल्याची खंत आणि एकटेपणा यांची नोंद केस पेपरवर क्वचितच होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात गोव्यातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. राष्ट्रीय प्रमाण ११.४ टक्के होते. आयुष्यभर आजारासोबत जगणाऱ्यांच्या मनाचा प्रश्न म्हणूनच या राज्याच्या अगदी जवळचा आहे.

या प्रश्नावरील एक उपाय म्हणजे समूह मानसोपचार. त्याचा उगम मनोरुग्णालयात नव्हे, तर क्षयरोग्यांच्या वर्गात झाला. क्षयरोगावर प्रभावी औषध नव्हते त्या काळात, १९०५ मध्ये, अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी आरोग्यधामाचा खर्च न परवडणाऱ्या गरीब रुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलावण्यास प्रारंभ केला. विश्रांती, मोकळी हवा आणि आहार यांचे नियम शिकविणे एवढाच मूळ हेतू होता. परंतु एकाच दुखण्याने बांधलेली माणसे परस्परांना धीर देतात, हे त्यांच्या लवकरच ध्यानी आले.

आजच्या पद्धतीत साधारणतः आठ-दहा रुग्ण प्रशिक्षित तज्ज्ञाच्या उपस्थितीत दर आठवड्याला तास-दीड तास भेटतात. ‘हे फक्त माझ्याच वाट्याला आले’ ही समजूत तेथे प्रथम गळून पडते. इन्सुलिन टोचून घेण्याची लाज किंवा डायलिसिसच्या आदल्या रात्रीची अस्वस्थता समोरच्याला समजावून सांगावी लागत नाही. शिवाय, सतत मदत घेणारा रुग्ण येथे दुसऱ्याला मदत करू शकतो आणि त्यातून त्याचा हरवलेला आत्मविश्वास परत येतो. या भेटी म्हणजे केवळ गप्पा नव्हेत. संभाषण कोणाला झेपेनासे झाले तर ते सावरण्याची जबाबदारी तज्ज्ञाची असते.

या उपचाराकडून नेमकी अपेक्षा कोणती ठेवावी, याचे उत्तर संशोधनाने दिले आहे. डॉ. डेव्हिड स्पिगेल यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ८६ रुग्णांपैकी समूहात सहभागी झालेल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने, तर इतर १८.९ महिने जगल्या. या निष्कर्षाने जगभर आशा पल्लवित झाली. मात्र २००१ मध्ये कॅनडातील २३५ स्त्रियांच्या अभ्यासात आयुर्मानात फरक दिसला नाही. मानसिक त्रास आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली. अधिक लाभ झाला तो मुळात अधिक त्रासात असलेल्यांना. समूहोपचार आजार बरा करीत नाही आणि औषधांची जागाही घेत नाही. आजारासह जगणे मात्र तो सुसह्य करतो.

छोट्या राज्यात एक अडचण विशेष जाणवते. वाड्यावरचे माणूस समोर बसले असेल तर मन मोकळे कसे करावे? म्हणूनच गटातील बोलणे गटाबाहेर न नेण्याचे वचन सर्वांकडून पहिल्याच बैठकीत घेतले जाते. ज्यांना तरीही संकोच वाटतो, त्यांच्यासाठी वैयक्तिक समुपदेशनाचा मार्ग खुला असतो.

तज्ज्ञांच्या तुटवड्यावरही तोडगा आहे. गोव्यातील ‘संगत’ संस्थेच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांच्या साहाय्याने सरकारी आरोग्य केंद्रांतील नैराश्य व चिंताग्रस्त रुग्णांना लक्षणीय लाभ झाला. तो प्रयोग समूहोपचाराचा नव्हता. तथापि मनाचा आधार गावपातळीवर पोहोचविता येतो, हे त्यातून दिसले. मधुमेहाच्या किंवा डायलिसिसच्या विभागात असे गट सुरू करण्यास मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. एक खोली, प्रशिक्षित व्यक्ती आणि ठरलेली वेळ पुरेशी आहे. तोवर झोप उडाली, औषध घेणेही नकोसे झाले, तर रुग्णाने ते आपल्या डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे किंवा ‘टेली-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधावा.