वाऱ्याची वाटणी

कॅरिबियन समुद्रातल्या अरुबा बेटावर दिवीदिवीची झाडं आहेत. वारा जवळजवळ वर्षभर एकाच बाजूने वाहतो, त्यामुळे ती सगळी एकाच अंगाला कललेली. याच बेटाच्या किनाऱ्यावर बीच टेनिसच्या स्पर्धा भरतात. तिथे एका जोडीच्या पाठीशी वारा, तर दुसरीच्या तोंडावर.

या खेळात वारा फार सतावतो. चेंडू साध्या टेनिसच्या चेंडूपेक्षा मऊ, आणि वाळूवर टप्पा पडायच्या आत तो परतवायचा. मैदान जेमतेम १६ मीटर लांब. वारा पाठीमागून असला, की उंच उडवलेला चेंडू रेषेपार जातो. समोरून असला, की तोच चेंडू मध्येच अडखळतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या स्मॅशसाठी आयता खाली येतो. त्यात डोळ्यांवर ऊन.

म्हणून बाजू बदलायच्या. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००८मध्ये हा खेळ आपल्याकडे घेतला. त्याच्या नियमाप्रमाणे टेनिससारखंच सेटमधल्या पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम गेमनंतर जोड्या बाजू बदलतात. सेट ६-३ असा संपला, तर एकूण गेम नऊ, लगेच बदल. ६-४ झाला, तर पुढच्या सेटचा पहिला गेम होईपर्यंत थांबायचं.

पण विषमच का? कागदावर मांडून पाहावं. पहिला गेम ‘अ’ जोडीतल्या एकाने उत्तरेकडून सर्व्ह केला. बाजू बदलल्या, दुसऱ्या गेमला ‘ब’ जोडीची सर्व्हिसही उत्तरेकडूनच. तिसरा आणि चौथा गेम दक्षिणेकडून. म्हणजे दोन्ही जोड्यांच्या वाट्याला दोन्ही टोकं सारखी येतात. शिवाय सेटभर प्रत्येक खेळाडू सर्व्हिस मात्र एकाच टोकाकडून करतो. त्यामुळे उन्हाकडे तोंड करून सर्व्हिस कोणी करायची, हे जोडीला सेटच्या सुरुवातीलाच ठरवता येतं. एक भिडू डावखुरा असेल, तर हा हिशेब जास्तच कामाला येतो, कारण उजव्या हाताने सर्व्ह करणाऱ्याच्या डोळ्यांत जाणारं ऊन त्याला तितकं छळेलच असं नाही.

टायब्रेकमध्ये हा हिशेब बिघडू नये, म्हणून पहिल्या गुणानंतर आणि मग दर चार गुणांनी बाजू बदलतात. बीच व्हॉलीबॉलमध्ये गेमच नसतात, त्यामुळे तिथे २१ गुणांच्या सेटमध्ये दर ७, तर १५ गुणांच्या निर्णायक सेटमध्ये दर ५ गुणांनी बदल.

टायब्रेकमधल्या या बदलांत विसावा नसतो. गुण झाला, की चौघेही जाळ्याला वळसा घालून पलीकडे जातात आणि पाचवा गुण संपताच तीच वाळू तुडवत परत येतात.